वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांवरच्या कारखान्याच्या रंगखुणा

जुनी गाडी पुन्हा उभी करताना बहुतेकांचे लक्ष बाहेरच्या रंगाकडे आणि क्रोमकडे असते. या वेळच्या पत्रांत मात्र वाचकांनी गाडीच्या पोटाखाली, ग्रीसच्या थराआड दडलेल्या रंगांविषयी विचारले आहे. स्प्रिंगवरची रेघ, शाफ्टवरचे पट्टे, पत्र्यावर घाईने लिहिलेला आकडा अशा या खुणा जोडणी चालू असताना कामगारांनी आणि तपासनिसांनी केलेल्या असतात. विषय एकच असल्यामुळे सर्व उत्तरे एकत्र देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून गेली अनेक वर्षे मिशिगनमध्ये ट्रॉय येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी १९६८ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची) घेतली आणि सध्या ती गॅरेजमध्ये पूर्ण उघडून ठेवली आहे. तिचा क्रमांक ‘८ एफ ०२ जे’ असा सुरू होतो. मागच्या ॲक्सलवर ग्रीसखाली पिवळा डाग, प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्यावर, अंधुक पट्टे आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर मेणखडूने लिहिल्यासारखे आकडे दिसतात. बाजारात अशा खुणांचे तयार संच आणि तक्ते मिळतात. ते वापरावेत का? आणि या खुणा पुन्हा कशा कराव्यात?

उत्तर : आधी एक विनंती करतो. हे उत्तर वाचून होईपर्यंत त्या शाफ्टला ब्रश लावू नका, आणि गाडीखाली प्रेशर वॉशर तर मुळीच नेऊ नका. तुमच्याकडे जे उरले आहे ते विकत मिळणाऱ्या कोणत्याही संचापेक्षा मोलाचे आहे, आणि ते पुसले गेले तर कोणत्याही किमतीला परत मिळणार नाही.

या खुणा कशासाठी होत्या हे नीट समजले, तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सोपे होतात. एकाच लाइनवर सहा सिलिंडरची गाडी, तिच्यामागे व्ही-८, तिच्यामागे एअर कंडिशनर घेतलेली गाडी, अशा गाड्या एकामागून एक येत असत. त्यांच्या पुढच्या स्प्रिंगा दिसायला जुळ्या बहिणींसारख्या, पण वजन पेलण्याची ताकद प्रत्येकीची वेगळी. लाइनवरच्या माणसाला भाग क्रमांक वाचत बसायला वेळ नसे. लांबून रंग दिसला की हात बरोबर त्या स्प्रिंगेकडे गेला पाहिजे, एवढाच त्या रेघेचा हेतू. शाफ्टवरच्या पट्ट्यांचे कामही तेच. या झाल्या ओळखीच्या खुणा. बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळल्यावर त्याच्या डोक्यावर मारलेला रंगाचा ठिपका ही तपासणीची खूण. आणि पत्र्यावर मेणखडूने किंवा साध्या खडूने लिहिलेले आकडे म्हणजे एका टप्प्यावरच्या कामगाराने पुढच्या टप्प्यासाठी ठेवलेला निरोप. तिन्हींचा हात वेगळा, वेळ वेगळी आणि बहुतेकदा रंगाचा पोतही वेगळा असतो.

आता तुमच्या गाडीचा क्रमांक पाहू. ८ म्हणजे १९६८ हे मॉडेल वर्ष, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक आणि जे म्हणजे चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचे ३०२ घन इंचांचे इंजिन. यांतले ‘एफ’ हे अक्षर तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. त्या काळी मस्टँग डिअरबॉर्नखेरीज कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आणि न्यू जर्सीतील मेटचन येथेही तयार होत असे; त्या गाड्यांच्या क्रमांकात अनुक्रमे आर आणि टी ही अक्षरे येतात. तिन्ही ठिकाणची माणसे वेगळी, रंगाचे डबे वेगळे आणि सवयीही वेगळ्या होत्या. सॅन होजेच्या गाडीवर पाहिलेली खूण जशीच्या तशी डिअरबॉर्नच्या गाडीवर उतरवणे म्हणजे कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडी वऱ्हाडी बोली घालण्यासारखे आहे. दोन्ही मराठीच, पण ऐकणाऱ्याला लगेच खटकते. बाजारातल्या तक्त्यांची मोठी अडचण हीच आहे. तीन कारखान्यांत, वर्षाच्या बारा महिन्यांत सापडलेल्या खुणा ते एकाच चित्रात एकत्र करतात, आणि त्यामुळे एकाही खऱ्या गाडीवर कधीही एकत्र नसलेल्या खुणा तुमच्या गाडीवर एकत्र येतात.

खुणेकडे वळण्याआधी ज्या भागावर ती आहे तो भाग या गाडीचाच आहे का, हे तपासा. फोर्डच्या ओतीव भागांवरचा क्रमांक याबाबतीत बोलका असतो. ‘सी ८ ओ ई’ असा क्रमांक दिसला, तर सी म्हणजे साठचे दशक, ८ म्हणजे १९६८, ओ म्हणजे तो भाग मुळात फोर्डच्याच फेअरलेन या गाडीसाठी आखलेला आणि ई म्हणजे इंजिन विभाग. मस्टँगसाठी झेड हे अक्षर असते. पण मस्टँगच्या इंजिनवर ओ दिसला म्हणून घाबरू नका, कारण दोन्ही गाड्यांत समान भाग सर्रास वापरले जात. शेजारी ओतकामाची तारीख असते. ‘७ के १५’ म्हणजे १९६७ च्या ऑक्टोबरची १५ तारीख. महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलेला असतो, म्हणून सप्टेंबर जे आणि ऑक्टोबर के. दरवाज्यावरच्या पट्टीवर गाडीची तारीख आहे. भागाची तारीख तिच्या काही दिवस ते काही आठवडे आधीची असेल तर हिशेब जुळतो. ती नंतरची असेल, तर तो भाग मागाहून आला आहे आणि त्याच्यावरची खूण दुसऱ्याच गाडीची आहे. डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या पेटीच्या) बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असेल तर तीही जपा. तिच्यावर गिअरचे गुणोत्तर असते, आणि अंकांच्या मध्ये एल अक्षर आले असेल तर तो लिमिटेड स्लिप प्रकारचा, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणारा, डिफरन्शियल आहे. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडे अधिकृत परवान्याने उपलब्ध आहेत. तुमच्या गाडीचा अहवाल मागवून घ्या, म्हणजे ती मुळात कोणत्या ॲक्सलसह बाहेर पडली हे कागदावर मिळेल.

सफाईविषयी माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी १९६७ च्या एका मस्टँगचा शाफ्ट माझ्या टेबलावर होता. वाळून डांबरासारखे झालेले ग्रीस लाकडी पट्टीने खरवडल्यावर खाली हिरवा पट्टा दिसला. मी वहीत ‘हिरवा’ असे लिहिलेसुद्धा. मग कापसाच्या काडीला थोडे टर्पेंटाइन लावून पट्ट्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जागा पुसली, तर कापसावर तपकिरी डाग आला आणि पुसलेल्या जागी पट्टा निळा दिसू लागला. जुन्या तेलाचा पातळ थर वर्षानुवर्षे तापून पिवळट वार्निशासारखा बसतो. त्याच्याखालचा निळा हिरवा भासतो आणि पांढरा सायीसारखा. त्या दिवसापासून कडेला पुसून पाहिल्याशिवाय मी रंगाचे नाव वहीत लिहीत नाही.

त्याच शाफ्टच्या जोडीचा ॲक्सल मात्र मी गमावला. तो वाळूच्या माऱ्याने गंज आणि रंग काढणाऱ्या एका ब्लास्टिंगच्या कारखान्यात दिला आणि ‘फक्त मधला भाग, नळ्यांना हात लावू नका’ असे तोंडी सांगितले. परत आला तेव्हा संपूर्ण ॲक्सल चांदीसारखा चकचकीत होता. त्याच्यावर काय होते ते आता कोणालाच कळणार नाही. तेव्हापासून जो भाग बाहेर जातो, त्याची आधी छायाचित्रे निघतात आणि सोबत लेखी सूचना जाते.

तुम्ही असे करा. भाग गाडीवर असतानाच त्याची छायाचित्रे घ्या, शेजारी मोजपट्टी आणि एक पांढरा कागद ठेवा, आणि खूण कोणत्या टोकापासून किती अंतरावर आहे ते लिहून ठेवा. विजेरी आडवी धरून पाहा. सरळ उजेडात न दिसणारा रंगाचा उंचवटा तिरप्या उजेडात दिसतो. मातीचा जाड थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा, मग मिनरल स्पिरिट आणि मऊ ब्रश वापरा. तारेचा ब्रश नको, थिनर तर नकोच, कारण तो ग्रीसबरोबर खूणही घेऊन जातो. खूण उघडी झाली की ट्रेसिंग पेपर ठेवून तिचा आकार पेन्सिलीने उतरवून घ्या. छायाचित्रात ब्रशाचा हात नीट कळत नाही, ट्रेसिंगमध्ये कळतो.

यानंतर प्रश्न येतो तो खूण कारखान्याचीच आहे का, हा. तिचा क्रम पाहा. खूण कारखान्यातल्या फवाऱ्यातून उडून बसलेल्या रंगाच्या किंवा डांबरी अंडरकोटच्या खाली असेल तर ती जुनी आहे. गंजाच्या वर किंवा दुसऱ्यांदा दिलेल्या रंगाच्या वर असेल तर ती कोणा मेकॅनिकची आहे. विशेषतः ठळक पिवळ्या अक्षरांबाबत सावध राहा. अमेरिकेतील भंगारवाले सुट्या भागांवर पिवळ्या मार्करने वर्ष आणि मॉडेल लिहून ठेवतात. अशी भंगाराची अक्षरे कारखान्याची समजून श्रद्धेने पुन्हा रंगवलेली मी पाहिली आहेत. तुमच्या ॲक्सलवरचा पिवळा डाग ब्रशाचा असेल, कडेला ओघळला असेल आणि त्याच्यावर ग्रीसचा सर्वांत जुना, कडक थर असेल, तर तो मूळचा असण्याची शक्यता बरीच आहे.

आता पुन्हा रंगवण्याविषयी. कामगाराने तो पट्टा एका क्षणात मारला होता. तुम्ही मास्किंग टेप लावून, कडा धारदार करून, दोन हात देऊन तो मारलात तर रंग बरोबर असूनही खूण खोटी दिसेल. शाफ्ट दोन आधारांवर ठेवा, मदतनिसाला तो फिरवायला सांगा, आणि रंगात बुडवलेला साधा ब्रश एका जागी धरा. पट्ट्याची सुरुवात आणि शेवट एकमेकांवर थोडे चढतील, कुठे रंग विरळ होईल, एखादा थेंब खाली येईल. हे सारे तसेच राहू द्या. आधी त्याच जाडीच्या भंगार पाइपवर दहा-बारा वेळा करून पाहा, मग ट्रेसिंगशी ताडून खऱ्या शाफ्टकडे वळा. पट्टे उघड्या पोलादावर असतील, तर पोलाद नुसते ठेवू नका. मिशिगनच्या रस्त्यांवरचे मीठ आणि कोकणातली दमट हवा, दोन्ही त्याला सारखीच मारक आहेत. पट्टे पूर्ण वाळल्यावर पातळ मेणाचा हात द्या. त्याने उघड्या धातूचा रंग बदलत नाही आणि तो पुढे काढताही येतो.

आणि मूळ खूण अर्धीमुर्धी का होईना वाचता येत असेल, तर ती रंगवूच नका, असे माझे स्पष्ट मत आहे. फिकट झालेली खरी खूण ताज्या नकलेपेक्षा नेहमीच वरची. जिथे काहीच उरले नाही आणि त्याच कारखान्याच्या, त्याच महिन्यांतल्या न उघडलेल्या गाडीचा पुरावाही मिळाला नाही, तिथे जागा कोरी ठेवा.

प्रश्न : जुन्या स्प्रिंगवरचा रंग ओळखला, पण दुकानात जुळवून आणलेला रंग गॅरेजमध्ये बरोबर आणि बाहेर वेगळा दिसतो. असे का होते? (नाशिक)

उत्तर : दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनलेले असले की ट्यूबलाइटखाली ते सारखे दिसू शकतात आणि सूर्यप्रकाशात वेगळे पडतात. म्हणून जुळवणी नेहमी दिवसा, सावलीतल्या मोकळ्या उजेडात करावी. शेड कार्ड खुणेच्या शेजारी धरताना खुणेचा झाकलेला भाग निवडा, म्हणजे क्लँपखालचा, रबराच्या बुशाआडचा किंवा स्प्रिंगच्या बैठकीतला. उघड्यावरचा लाल रंग नारिंगी किंवा गुलाबी झालेला असतो, तर त्या काळी सर्रास वापरले जाणारे शिसेयुक्त क्रोम पिवळे काळपटते. त्यावरून रंग मिसळला, तर तुम्ही कारखान्याचा नव्हे, पन्नास वर्षांच्या उन्हाचा रंग मिसळाल.

शिसे आहे म्हणूनच जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर ओला करूनच वापरावा, तोंडाला चांगला मास्क असावा आणि निघालेला गाळ लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा. खुणेसाठी मला साधा सिंथेटिक एनॅमल पुरेसा वाटतो. मात्र त्याची चमक कमी करून घ्यावी. आजचे दोन भागांत मिसळायचे चकचकीत रंग अशा कामाला शोभत नाहीत.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे. ती दोनदा रंगवली गेली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशी मला ती करायची आहे. अमेरिकन गाड्यांसारखे तक्ते आपल्या गाड्यांसाठी मिळत नाहीत. मग सुरुवात कुठून करावी? (दादर)

उत्तर : तक्ता नाही याचे फार वाईट वाटून घेऊ नका, कारण तुमच्या हाताशी त्याहून चांगली गोष्ट आहे: गाडी स्वतः, आणि तिच्या वयाच्या बहिणी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने मुळात तीच गाडी सुमारे साडेतीन दशके बनवली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आपल्यापैकी कित्येकांना अजून डोळे मिटून आठवतो. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली, पण त्या काळ्या-पिवळ्या गाड्या संदर्भ म्हणून घेऊ नका. रोजच्या धंद्यात त्यांचा प्रत्येक भाग कितीतरी वेळा बदललेला आणि रंगवलेला असतो. त्यापेक्षा तुमच्याच वर्षाची, एकाच घरात राहिलेली, फारशी न फिरलेली खासगी गाडी शोधा. तीन गाड्यांवर एकाच जागी एकच खूण सापडली, तर ती तुमच्या वहीत पक्क्या शाईने लिहिण्याच्या योग्यतेची.

मूळ रंगासाठी दरवाज्याच्या बीडिंगखाली (कडेच्या रबरी पट्टीखाली), डॅशबोर्डच्या मागे, डिकीतल्या चटईखाली आणि बॉनेटच्या बिजागरीच्या आत पाहा. पुन्हा रंगवणारा पेंटर या जागी सहसा पोहोचत नाही. बीडिंग ओढून काढू नका. गरम पाण्यात भिजवलेले फडके थोडा वेळ धरले की ती सैल होते आणि खालचा रंग तिच्याबरोबर उचलून येत नाही.

पुढच्या कॉइल स्प्रिंगा काढल्यावर पहिल्या वेढ्यांवर रंग दिसतो का ते पाहा, आणि दिसला तर त्याला केवळ शोभेची खूण समजू नका. फियाटच्या १२४ वरून सोव्हिएत संघात बनलेल्या लाडा २१०१ चे उदाहरण घ्या. तिच्या स्प्रिंगा ठरावीक वजनाखाली किती उंच राहतात हे मोजून दोन वर्गांत विभागल्या जात. एका वर्गावर पिवळी खूण, दुसऱ्यावर हिरवी. दोन्ही बाजूंना एकाच वर्गाची स्प्रिंग बसवणे आवश्यक असे, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. म्हणजे अशा खुणेवर रंग फासणे ही केवळ इतिहासाची हानी नसते, पुढच्या मेकॅनिकला दिलेली चुकीची माहितीही असते. डाव्या-उजव्या स्प्रिंगांवर वेगवेगळे रंग आढळले, तर रंगाआधी स्प्रिंगांची उंची मोजा.

एक सावधगिरी आणखी. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत पेटीबंद मूळ भाग अजून कधीकधी मिळतात आणि तो आनंदाचाच क्षण असतो. पण सुटा विकण्यासाठी बनवलेल्या भागावरची खूण आणि लाइनवर बसवलेल्या भागावरची खूण एकच असेल असे नाही. पेटीतला भाग जरूर वापरा, खुणेचा पुरावा म्हणून मात्र त्याला दुसरे स्थान द्या.

प्रश्न : आजोबांनी लिलावात घेतलेली युद्धकाळातली जीप आहे. बॉनेटवर रंगाचे इतके थर आहेत की मूळचे लष्करी क्रमांक खाली असतील का, हे कळत नाही. डेंटर म्हणतो की सगळे खरवडून पत्र्यापर्यंत जाऊ. (कोल्हापूर)

उत्तर : त्यांना थांबवा. बॉनेट हा त्या जीपचा जन्मदाखला आहे.

जिथे क्रमांक असण्याची शक्यता आहे, म्हणजे बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा ठरवा. ओल्या वॉटर पेपरने, आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या, मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असे हळूहळू गोल घासा. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी रंगांची वलये उघडतील: सर्वांत बाहेर शेवटचा रंग आणि मध्यभागी सर्वांत जुना. प्रत्येक वलयाचे छायाचित्र घ्या. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकन लष्कराच्या गाड्यांवरचे क्रमांक पांढरे नव्हते. मंद हिरव्या रंगावर ते निळसर, तितक्याच मंद रंगात लिहिलेले असत, पांढरे आकडे नंतर आले. म्हणून खाली पांढरे न दिसल्यास क्रमांक नाही असे समजू नका. हिरव्यात मिसळून जाणारा निळा थर डोळ्यांना सहज चुकतो, आणि पत्रा पाण्याने ओला केल्यावर तो अधिक स्पष्ट दिसतो. निळा सापडला की त्या थरावर थांबून पुढे बोटभर-बोटभर सरकत जा. हे काम एका दुपारचे नाही, एका उन्हाळ्याचे आहे, आणि ते घाईने करू नये.

तुमची जीप विलिसची आहे की फोर्डने त्याच आराखड्यावर बनवलेली, हेही याच सुमारास पाहून ठेवा. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, इंग्रजी एफ हे अक्षर उठवले होते. लष्कराच्या कार्यशाळांत दोन्हींचे भाग एकमेकांत मिसळले गेले, म्हणून चार एफ सापडले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. चॅसी आणि बॉडी काय सांगतात ते आधी पाहा.

प्रश्न : गाडी विकताना नव्याने केलेल्या खुणांविषयी खरेदीदाराला सांगणे आवश्यक आहे का? व्हिंटेज नोंदणीसाठी या खुणांचा काही उपयोग होतो का? (नागपूर)

उत्तर : सांगणे आवश्यक आहे, आणि लेखी सांगणे अधिक चांगले. कोणती खूण मूळची, कोणती पुराव्यावरून पुन्हा केलेली आणि पुरावा कोणता, अशी चार-पाच पानांची छायाचित्रांसह फाइल गाडीबरोबर द्यावी. रंगाची खूण पुन्हा करणे हे जीर्णोद्धाराचे काम आहे. पण चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे आकडे घासून पुन्हा ठोकणे हा गुन्हा आहे, मग आकडे गंजाने कितीही अस्पष्ट झालेले असोत. त्या आकड्यांवर फक्त तेलाचा हात द्यावा आणि परिवहन कार्यालयाला जसे आहे तसे दाखवावे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते, ती १० वर्षे चालते आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली मुख्य अट आहे. रंगखुणा नियमात कुठेही मागितलेल्या नाहीत. तरी गाडीचे भाग तिचे स्वतःचेच आहेत हे दाखवताना तारखांचे ठसे आणि खुणांची छायाचित्रे तुमच्या बाजूने भक्कम साक्ष देतात.

प्रश्न : पत्र्यावरची मेणखडूची मूळ अक्षरे टिकावीत म्हणून त्यांच्यावर क्लिअर लॅकर मारला तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : चालणार नाही. लॅकरमधला थिनर मेणखडू विरघळवतो आणि अक्षरे डोळ्यांदेखत पसरतात. साधा खडू विरघळत नाही, पण फवाऱ्याच्या दाबाने उडतो किंवा ओला होऊन दिसेनासा होतो. खात्री करायची असेल तर भंगारातल्या रंगवलेल्या पत्र्यावर दोन्हींनी चार आकडे लिहून, आठवडाभर ठेवून, त्यांच्यावर तोच लॅकर मारून पाहा. मूळ अक्षरांचे छायाचित्र आणि ट्रेसिंग करून ठेवा, शेजारच्या पत्र्याचे काम चालू असताना त्यांच्यावर जाड कागदाची खोळ अक्षरांना न टेकता चिकटवा, आणि चिकटपट्टी अक्षरांपासून निदान चार बोटे दूर ठेवा. त्या भागावर मेण नको, पॉलिश नको, ओले फडकेही नको. धूळ बसली तर कोरड्या मऊ ब्रशने, अक्षरांच्या कडेकडेने झटका.